मातीतलं अगदी थोडं ॲस्बेस्टॉस कसं शोधायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

एक ग्रॅम कोरडी माती म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढी. तिच्यात ०.००१ टक्के ॲस्बेस्टॉस (श्वासातून फुफ्फुसात गेलं तर कर्करोग करू शकणारं तंतुमय खनिज) असेल, तर त्याचं वजन भरतं फक्त १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा दशलक्षांश. आता समजा, हे सगळं ॲस्बेस्टॉस १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि अर्धा मायक्रॉन जाड तंतूंच्या रूपात आहे. अशा एका तंतूचं आकारमान सुमारे २ घन मायक्रॉन. घनता ३, म्हणजे पाण्याच्या तिप्पट धरली तर वजन सुमारे ६ पिकोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा दशलक्षांश म्हणजे एक पिकोग्रॅम). भागाकार करून पाहा: त्या चिमूटभर मातीत सुमारे १७ लाख तंतू निघतात.

हिशेब उलटा करून पाहा. २ मि.मी. लांब आणि ०.१ मि.मी. जाड असा तंतूंचा एकच जुडगा, नुसत्या डोळ्यांनाही दिसेल असा, सुमारे ४७ मायक्रोग्रॅम भरतो. म्हणजे तो एकटा ८० लाख बारीक तंतूंच्या तोलाचा. तो तुमच्या नमुन्यात आला की आकडा एकदम वर जातो, शेजारच्या फावडाभर मातीत राहिला की खाली येतो.

या कामातल्या जवळपास सगळ्या अडचणी या दोन आकड्यांतून निघतात. नवीन माणसाला वाटतं की सगळा खेळ सूक्ष्मदर्शकाचा आहे. माझं मत वेगळं आहे. प्रमाण कमी असतं तेव्हा निकाल बराचसा सूक्ष्मदर्शकाच्या आधीच ठरलेला असतो: माती कुठून घेतली, किती घेतली, तिचे भाग कसे पाडले आणि त्यातली नेमकी किती माती भिंगाखाली आली यावर. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

इतक्या थोड्याची काळजी का करायची

१ टक्का ही रेषा बऱ्याच ठिकाणी भेटते. तिच्यापेक्षा कमी म्हणजे ‘ॲस्बेस्टॉस नाही’ असं समजणारे लोकही भेटतात. ही रेषा अमेरिकेच्या १९७३ च्या नियमांतून आली, आणि तो नियम इमारतींवर फवारायच्या मालासाठी होता. ती आरोग्याच्या हिशेबाने आखलेली नाही, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेच २००४ मध्ये लेखी स्पष्ट केलं. एडिनबर्गच्या इन्स्टिट्यूट ऑफ ऑक्युपेशनल मेडिसिनमध्ये १९८८ मध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की ज्या कोरड्या मातीत जेमतेम ०.००१ टक्के सुटं ॲस्बेस्टॉस आहे, तिची धूळ उडाली तर हवेत दर मिलिलिटरला ०.१ पेक्षा जास्त तंतू येऊ शकतात. कामगारांसाठी अनेक देशांत हीच कमाल मर्यादा राहिली आहे.

त्यामुळे पुढे काही देशांनी मातीसाठी वेगळे आकडे ठरवले. नेदरलँड्समध्ये मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे ०.०१ टक्के आहे, आणि तो आकडा काढताना अँफिबोल गटातल्या ॲस्बेस्टॉसचं वजन दहापट धरतात. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत सुट्या, बारीक तंतूंसाठी ०.००१ टक्के हा आकडा आहे. आपल्याला शोधायचं आहे ते या पातळीवर.

आधी ठरवा: शोधताय काय

‘ॲस्बेस्टॉस’ या नावाखाली कायद्याने साधारण सहा खनिजं येतात. क्रायसोटाइल हे सर्पेंटाइन गटातलं, मऊ आणि नागमोडी तंतूंचं. बाकीची पाच अँफिबोल गटातली: अमोसाइट, क्रोसिडोलाइट, अँथोफिलाइट, ट्रेमोलाइट, ॲक्टिनोलाइट. यांचे तंतू सरळ आणि ताठ असतात.

शरीराला मात्र कायद्याची यादी माहीत नसते. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या व्हर्मिक्युलाइट खाणीत जे तंतू होते, त्यात विंचाइट आणि रिक्टराइट ही यादीबाहेरची अँफिबोलं मोठ्या प्रमाणात होती. खाण १९९० मध्ये बंद झाली, पण गावातल्या बागांच्या आणि अंगणांच्या मातीत ते तंतू उरले होते. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया भागात काही गावांत मेसोथेलिओमा या कर्करोगाने माणसं मोठ्या संख्येने गेली. तिथला दोषी होता एरिओनाइट, म्हणजे झिओलाइट गटातलं खनिज. सिसिलीतल्या बियांकाविल्ला गावात फ्लुओरो-एडेनाइट निघालं. म्हणून प्रयोगशाळेला काम देताना ‘यादीतली सहाच शोधा’ म्हणायचं की ‘सगळे खनिज तंतू नोंदवा’ म्हणायचं, हे जागा पाहून आधी ठरवा. नंतर ठरवलं तर स्लाइड पुन्हा तपासाव्या लागतात.

दुसरा प्रश्न: ते मातीत आलं कसं? माणसाने आणून टाकलं असेल तर सिमेंट पत्र्याचे तुकडे, पाइपांवरच्या उष्णतारोधक आवरणाचे पुंजके, जुन्या इमारतींचा राडारोडा सापडतो. असं ॲस्बेस्टॉस ठिकठिकाणी ढिगांत असतं. खडकातूनच आलं असेल, म्हणजे खाली सर्पेंटिनाइट किंवा तत्सम खडक असेल, तर ते मातीत बारीक आणि जास्त पसरलेलं असतं. पहिल्या प्रकारात जुने नकाशे, पाडकामाच्या नोंदी आणि हवाई छायाचित्रं कामाला येतात. दुसऱ्यात भूवैज्ञानिक नकाशा. हे कागद वाचण्यात अर्धा दिवस घालवा, तो वाया जात नाही.

स्वतःला जपा

मेसोथेलिओमा संपर्कानंतर बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. त्यामुळे आज काही त्रास झाला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. कोरडी माती खोदू नका. आधी बारीक फवाऱ्याने ओलसर करा, चिखल होईल इतकी मात्र नको. साधा कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क इथे निरुपयोगी आहे. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही हे तपासून घेतलेला मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तो बसत नाही. एकदा वापरून टाकायचे कपडे घाला. बूट आणि अवजारं जागेवरच ओल्या कपड्याने पुसा. नमुना दोन पिशव्यांत, एकात एक, बंद करा. बऱ्याच देशांत या कामासाठी प्रशिक्षण आणि परवाना लागतो. तो नसेल तर हे वाचून स्वतः खोदायला जाऊ नका, परवानाधारक माणसाला बोलवा आणि त्याचं काम नीट पाहा.

जागेवर: माती कशी घ्यायची

आधी चाला. जागेचे चौकोन पाडा, मग एकदा उभं आणि एकदा आडवं असं दोन्ही दिशांनी चालत जमीन बघा. पाऊस पडून गेल्यानंतर बघितलं तर उत्तम, कारण धुतलेल्या मातीवर पत्र्याचे तुकडे उठून दिसतात. दिसलेला प्रत्येक तुकडा नकाशावर मांडा, वेगळा उचला, वेगळा तोला. मोठ्या तुकड्यांचं वजन मातीच्या नमुन्यात मिसळलं तर बारीक तंतूंचं चित्र झाकलं जातं.

आता माती. एका खड्ड्यातून भरपूर घेण्यापेक्षा अनेक ठिकाणांहून थोडी थोडी घ्या. एका चौकोनातून तीस ते पन्नास ठिकाणांची माती घेऊन एक संयुक्त नमुना करा. कारण सुरुवातीच्या आकड्यांत आहे: वजन मोजक्या जुडग्यांत एकवटलेलं असतं, आणि एखाद-दुसऱ्या जागेवरून घेतलेल्या मातीत ते जुडगे येणं किंवा न येणं हा निव्वळ योगायोग ठरतो. प्रत्येक ठिकाणाहून सारखीच माती, सारख्याच खोलीची घ्या. धुळीची चिंता असेल तर वरचे काही सेंटिमीटर पुरतात. राडारोडा गाडलेला असल्याची शंका असेल तर चाचणी-खड्डे घेऊन प्रत्येक थराचा वेगळा नमुना करावा लागतो. त्याच चौकोनातून, वेगळ्या तीस-पन्नास जागा निवडून, दुसरा आणि जमल्यास तिसरा संयुक्त नमुनाही घ्या. दोन नमुन्यांतला फरक हीच तुमच्या अनिश्चिततेची खरी मोजणी. हा खर्च वाचवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो वाचवला की पुढचे सगळे आकडे अधांतरी राहतात.

किती माती? ऑस्ट्रेलियातल्या पद्धतीत तुकड्यांसाठी १० लिटर माती जागेवरच ७ मि.मी.च्या चाळणीने चाळतात, आणि बारीक तंतूंसाठी ५०० मि.ली.चा वेगळा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. सुरुवातीला हा नमुना डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. पन्नास ग्रॅमची पुडी पाठवून ०.००१ टक्क्याचं उत्तर मागू नका.

प्रयोगशाळेत: वाळवणं, चाळणं, भाग पाडणं

माती सुमारे १०५ अंश सेल्सिअसला वाळवतात आणि कोरडं वजन घेतात. यापुढचं प्रत्येक काम फिल्टर लावलेल्या बंदिस्त कपाटात करायचं. मग चाळणी. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी७५२१ या पद्धतीत १९ मि.मी., २ मि.मी. आणि १०६ मायक्रॉन अशा चाळण्या आहेत. प्रत्येक भागाचं वजन लिहून ठेवा. जाड भागात तुकडे आणि जुडगे, बारीक भागात सुटे तंतू, असं साधारण विभाजन आपोआप होतं. दोन्हींसाठी पुढच्या वाटा वेगळ्या आहेत.

भाग पाडताना ढिगाऱ्यातून चमच्याने वरची माती उचलू नका. तंतू आणि वाळू वेगवेगळ्या खोलीवर बसतात. खाचांचा विभाजक किंवा फिरता विभाजक वापरा. तो नसेल तर माती सपाट पसरून तीस जागांहून चिमटीचिमटीने घ्या.

दळायचं का, यावर मतभेद आहेत. कॅलिफोर्नियाची ४३५ क्रमांकाची पद्धत दगडी खडीसाठी आहे आणि तिच्यात दळणं आहे. दळल्याने नमुना एकजीव होतो हे खरं. पण जास्त दळलं तर तंतू तुटून ओळखण्यापलीकडे जातात, आणि जी साधी अँफिबोलं तंतुमय नव्हती त्यांच्या लांबट कपच्या उडून तंतूंसारख्या दिसायला लागतात. नुसत्या मातीसाठी मी आधी न दळता पाहण्याच्या बाजूचा आहे. दळायचंच असेल तर न दळलेला अर्धा भाग राखून ठेवा.

प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा नमुना चालवा: भाजून घेतलेली स्वच्छ वाळू, त्याच चाळण्यांतून, त्याच हातांनी. हे मी एका प्रसंगातून शिकलो. एका तुकडीतल्या लागोपाठ तीन नमुन्यांत अमोसाइटचा एकेक जुडगा सापडला, आणि आम्ही अहवाल लिहायला बसलो. मग कोरी वाळू तपासली, तर तिच्यातही एक होता. चाळणीची जाळी जिथे कड्याला जोडलेली असते, त्या खाचेत आधीच्या कुठल्यातरी नमुन्याचे तंतू अडकलेले होते. तिन्ही नमुने पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागले. कमी प्रमाणाच्या कामासाठी चाळण्यांचा वेगळा संच ठेवा आणि धुतल्यावर ती खाच भिंगाखाली बघा.

हाताने वेचणं

जाड भाग उथळ थाळीत पातळ पसरून १० ते ४० पट मोठं दाखवणाऱ्या द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सुईने प्रत्येक कण हलवायचा. टोकं केरसुणीसारखी पिंजलेली, एका जुडग्यातून लांबीच्या दिशेने धागे सुटणारे, रेशमी चमक असलेले कण चिमट्याने उचलायचे. वेचलेलं सगळं संवेदनशील तराजूवर तोलायचं. पत्र्याचा तुकडा असेल तर त्यातला सिमेंटचा वाटा वजा करावा लागतो.

हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत होत नाही. डोळे थकले की तंतू सुटतात, म्हणून मध्ये मध्ये थांबा. ज्याच्या डोळ्यांना सवय झाली आहे अशा माणसाशेजारी बसून पहिले काही नमुने बघा. तोच नमुना दोघांनी स्वतंत्र बघून आकडे ताडून पाहणं, ही शिकण्याची सगळ्यात चांगली रीत.

ध्रुवित प्रकाशाखाली ओळख पटवणं

वेचलेला तंतू ॲस्बेस्टॉसच आहे का, हे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक सांगतो. तंतू ठरावीक अपवर्तनांकाच्या (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) तेलात ठेवतात: क्रायसोटाइलसाठी १.५५०, ट्रेमोलाइट आणि अँथोफिलाइटसाठी १.६०५, अमोसाइटसाठी १.६७० किंवा १.६८०, क्रोसिडोलाइटसाठी १.७००. खोली तापली की तेलाचा अपवर्तनांक दर अंशामागे सुमारे ०.०००४ ने उतरतो, म्हणून टेबलावर तापमापक ठेवा.

मग क्रमाने बघत जा. आधी आकार आणि रंग. क्रोसिडोलाइट निळा दिसतो आणि पीठिका (स्लाइड ठेवायची फिरती चकती) फिरवली की निळ्याचा करडा होतो. नंतर दोन्ही ध्रुवक (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या चकत्या) एकमेकांना काटकोनात करा. काचलोकरीचे धागे इथे काळोखात गडप होतात, ॲस्बेस्टॉस उजळतं आणि पीठिका फिरवताना ठरावीक कोनांवर विझतं. मग विलंब-पट्टी (तंतूचे रंग बदलून दाखवणारी स्फटिकाची पट्टी) घाला आणि तंतू ईशान्य-नैर्ऋत्य दिशेला ठेवा. क्रोसिडोलाइट सोडून बाकी सगळे निळे होतात, तो एकटा पिवळा होतो. शेवटी विक्षेपण-रंग, म्हणजे तेलात बुडालेल्या तंतूच्या कडेला दिसणारे रंग. १.५५० च्या तेलात क्रायसोटाइल लांबीच्या दिशेने जांभळट किरमिजी आणि आडवा धरला की निळा दिसतो. यातली एकच खूण जुळली म्हणून नाव लावू नका. सगळ्या जुळल्या पाहिजेत.

मातीत फसवणारे पुष्कळ असतात. कापसाचा धागा चपटा आणि पीळ पडलेला असतो. केसाला खवले दिसतात. कोळिष्टकं आणि मुळांचे केशतंतू रोजचेच. सगळ्यात फसवं पॉलिथिन. त्याचा अपवर्तनांक क्रायसोटाइलच्या जवळपास, पिंजलेलं रूपही तसंच. फरक असा की त्याचे रंग फार भडक दिसतात, आणि तापवलं की ते वितळतं. खनिजांतही तंतुमय टाल्क, वोलॅस्टोनाइट, सेपिओलाइट, हॅलॉयसाइट असे जुळे भेटतात.

त्याहून अवघड प्रश्न त्या लांबट कपच्यांचा. ट्रेमोलाइट हे खनिज ॲस्बेस्टॉसच्या रूपातही मिळतं आणि साध्या स्फटिकाच्या रूपातही. साधा स्फटिक फुटला की त्याच्या पाटनावरून (स्फटिक सहज चिरतो त्या पातळीवरून) लांबट तुकडे निघतात. रासायनिक घटक तेच, तेलातले रंगही तेच. कडा समांतर आहेत का, टोकं पिंजलेली आहेत का, लांबी जाडीच्या तीन-चार पटच आहे की वीस पटीच्या वर, तो तिरक्या कोनात विझतो का, हे पाहून कल बांधायचा. एका कणावरून निकाल देता येत नाही, पुष्कळ कणांचं माप घेऊन सांगावं लागतं. यावर तज्ज्ञांचेही टोकाचे वाद झाले आहेत. म्हणून अहवालात लांबी आणि जाडी कणागणिक लिहा, म्हणजे पुढे दुसऱ्याला स्वतःचा निष्कर्ष काढता येईल.

बारीक भाग: आधी माती कमी करा

इथे खरी परीक्षा सुरू होते. एका स्लाइडवर जेमतेम काही मिलिग्रॅम माती मावते. समजा ५ मिलिग्रॅम मावली, तर एक किलो नमुन्याचा दोन लाखावा हिस्सा तुम्ही पाहिला. शिवाय एक मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू या सूक्ष्मदर्शकात भरवशाने ओळखता येत नाहीत, आणि क्रायसोटाइलचा सुटा तंतू तर सुमारे ०.०३ मायक्रॉन जाडीचा असतो.

उपाय दोन: तंतूंभोवतीची माती काढून टाकणं आणि मोठं भिंग वापरणं. पहिल्याकडे नवीन लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

सेंद्रिय भाग मफल भट्टीत ४५० ते ४८० अंशांना जाळता येतो. त्यापुढे गेलात तर क्रायसोटाइलची रचना बिघडू लागते. अमोसाइट आणि क्रोसिडोलाइटचा रंग आणि अपवर्तनांक याहून कमी तापमानालाही बदलतात, तेव्हा भाजलेल्या तंतूवर वरचे नियम जसेच्या तसे लावू नका. चुनखडीचा भाग सौम्य आम्लाने विरघळवता येतो. अँफिबोलं आम्लाला दाद देत नाहीत, पण क्रायसोटाइल जास्त वेळ आम्लात राहिलं तर त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. म्हणून आम्ल पातळ ठेवा, वेळ मोजा, लगेच धुवा. क्वार्ट्झची घनता २.६५, अँफिबोलांची ३ च्या आसपास किंवा वर. जड द्रवात ढवळून अपकेंद्री यंत्रात फिरवलं की अँफिबोलं तळाला जातात आणि क्वार्ट्झ वर राहतं. क्रायसोटाइलची घनता २.५ च्या आसपास असल्याने त्याच्यासाठी ही युक्ती चालत नाही.

आणखी एक चांगली रीत लिबीच्या निमित्ताने पुढे आली. उभ्या काचेच्या नळीत वाळूत मिसळलेली थोडी माती ठेवायची आणि खालून हवा सोडून ती तरंगती ठेवायची. हवेबरोबर वर उचलले जाणारे बारीक कण आणि तंतू फिल्टरवर धरायचे, मग तो फिल्टर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. मातीतले जे तंतू श्वासात जाऊ शकतात तेच इथे वेगळे होतात, म्हणून ही रीत मला विशेष पटते. तिने टक्क्याच्या काही हजाराव्या भागांपर्यंत पोचता येतं. हवा नसेल तर पाण्यात ढवळून, जड कण बसू देऊन, वरचं पाणी गाळूनही काम होतं. ब्रिटनमध्ये बारीक भागासाठी हीच वाट रुळली आहे.

आता दुसरा उपाय, मोठं भिंग. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तीन गोष्टी एकाच तंतूवर दाखवतो: रूप, मूलद्रव्यं आणि स्फटिकाचा विवर्तन-नमुना (इलेक्ट्रॉन स्फटिकातून विखुरून पडलेली ठिपक्यांची नक्षी). क्रायसोटाइल पोकळ नळीसारखं दिसतं, त्याच्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन ठळक असतात, आणि विवर्तनात रेघाळलेले ठिपके येतात. तिन्ही जुळले की शंका उरत नाही. अडचण एकच: हे भिंग फार थोडी जागा बघतं.

मोजणी, आणि शून्याचा अर्थ

२५ मि.मी.च्या फिल्टरचं कामाचं क्षेत्रफळ ३८५ चौ. मि.मी. असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फिल्टरचा तुकडा बारीक धातूच्या जाळीवर ठेवून बघतात. त्या जाळीचा एक चौकोन सुमारे ०.०१ चौ. मि.मी. चाळीस चौकोन तपासले तर ०.४ चौ. मि.मी. पाहून झालं, म्हणजे फिल्टरचा साधारण ९६० वा हिस्सा. एक तंतू दिसला तर फिल्टरवर सुमारे ९६० धरायचे.

आणि एकही दिसला नाही तर? संख्याशास्त्र सांगतं की मोजणीत शून्य आलं तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तुम्ही पाहिलेल्या जागेइतक्या क्षेत्रात सरासरी ३ पर्यंत तंतू असू शकतात. म्हणून शून्याच्या जागी ३ धरून हिशेब करायचा. ३ गुणिले ९६० म्हणजे फिल्टरवर सुमारे २,९०० तंतू. माती न काढता फिल्टर भरला आणि त्यावर मूळ मातीचा ०.१ मिलिग्रॅमच मावला, तर ही मर्यादा ग्रॅममागे २.९ कोटी तंतूंची होते. मघाचा ६ पिकोग्रॅमचा तंतू धरला तर ०.०१७ टक्के. एवढ्या महागड्या यंत्राने शून्य दाखवूनही तुम्ही ०.०१ टक्क्याखाली आहात असं म्हणू शकत नाही.

आता जाळून, विरघळवून, निवळून दहातले नऊ भाग काढून टाका. त्याच फिल्टरवर मूळ मातीचा १ मिलिग्रॅम मावेल आणि मर्यादा ०.००१७ टक्क्यावर येईल. चाळीसऐवजी सत्तर चौकोन पाहा, ती ०.००१ टक्क्याच्या किंचित खाली उतरते. दहापट फायदा भट्टीने आणि आम्लाने दिला, दुप्पटही नाही असा फायदा दिवसभर जास्त मोजून मिळाला.

साध्या ध्रुवित प्रकाशाच्या मोजणीलाही हाच नियम. तिथे स्लाइडवरचे ठरावीक बिंदू घेऊन त्यांतल्या किती बिंदूंवर ॲस्बेस्टॉस पडतं ते मोजतात. ४०० बिंदू मोजले तर एक बिंदू म्हणजे ०.२५ टक्का, म्हणून शोधमर्यादा ०.२५ टक्का असं बरेच जण लिहितात. ४०० त शून्य आलं तर वरची मर्यादा ३ भागिले ४००, म्हणजे ०.७५ टक्का. बिंदू-मोजणीने कमी प्रमाणाचा निवाडा होत नाही. तिच्यापेक्षा ज्ञात प्रमाणाच्या तयार नमुन्यांशी शेजारी ठेवून तुलना करणं बरं. लिबीत ०.२ आणि १ टक्क्याचे असे संदर्भ नमुने वापरत.

तंतूंवरून वजनाकडे जाताना जपून. वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, जाडी दुप्पट तर वजन चौपट. जाडीच्या मापातली छोटी चूक टक्क्याच्या आकड्यात मोठी होते. म्हणून मी नेहमी दोन्ही देतो: ग्रॅममागे तंतूंची संख्या आणि वजनाचा टक्का.

खात्री करायला स्वतःच्या पद्धतीची परीक्षा घ्या. सहकाऱ्याला सांगून स्वच्छ मातीत ०.०१ आणि ०.००१ टक्के ॲस्बेस्टॉस घातलेले नमुने करून घ्या, मध्ये काही कोरे मिसळा, आणि कोणता कोणता ते न सांगता तपासायला घ्या. घातलेल्यातलं किती हाताला लागलं हे कळल्याशिवाय पद्धतीवर विश्वास ठेवू नका.

अहवालात काय लिहायचं

‘ॲस्बेस्टॉस आढळले नाही’ एवढंच लिहिलेला कागद परत पाठवा. तपासलेल्या मातीचं कोरडं वजन, प्रत्येक चाळणीवरचं वजन, माती काढून टाकण्यासाठी काय केलं, किती क्षेत्र किंवा किती चौकोन पाहिले, कोणत्या जाडीपर्यंतचा तंतू दिसू शकत होता, खनिजाचं नाव, प्रत्येक तंतूची लांबी-जाडी, कोऱ्या नमुन्याचा निकाल, आणि शून्य असेल तर त्या शून्याची वरची मर्यादा. उदाहरणार्थ: ‘सत्तर चौकोनांत शून्य तंतू, १० बाय अर्धा मायक्रॉनचा तंतू धरल्यास ९५ टक्के खात्रीने ०.००१ टक्क्यापेक्षा कमी.’ हे वाक्य वाचणाऱ्या अभियंत्याला, शाळेच्या मैदानाबद्दल निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला, त्या मातीवर राहणाऱ्या घराला खरोखर वापरता येतं.

आणि उरलेली माती फेकू नका. विभाजकातून निघालेला दुसरा अर्धा भाग दुहेरी पिशवीत, जागा-खोली-तारीख लिहून, निर्णय पूर्ण होईपर्यंत कुलपात ठेवा. कुणी निकालावर प्रश्न विचारला तर पुन्हा तपासायला तीच माती हातात असली पाहिजे.